सभा चालू आहे

प्रत्येक चळवळीला एक आवाज लागतो. आमच्या चळवळीचा आवाज म्हणजे बाई. घशाच्या जुन्या दुखण्यामुळे तो तिसऱ्या खुर्चीपलीकडे ऐकू जात नसे.

डॉक्टरांनी त्यांना कमी बोलायला सांगितलं होतं. बाईंनी तो सल्ला धोरण म्हणून स्वीकारला. मोर्चात त्या सगळ्यांच्या मागे, छातीशी फाइल धरून चालत. पुढे का येत नाही म्हणून विचारलं, तर म्हणत, "घोषणा देणारे लई हायेत. निवेदन द्यायला कुणीतरी मागं पाहिजे ना. आन् नुसतं देऊन भागत नाय, पोच घ्यावी लागती."

पोच म्हणजे आपल्या प्रतीवर समोरच्या कचेरीचा शिक्का, सही आणि तारीख. बाईंची तीस वर्षं तहसील कचेऱ्यांत गेली होती. अव्वल कारकून म्हणून त्या निवृत्त झाल्या, तेव्हा जगाबद्दल त्यांचं एकच ठाम मत तयार झालं होतं: ज्याची पोच नाही ते घडलेलंच नाही. त्यांच्याजवळ साडीच्या दुकानाची एक जाड प्लॅस्टिकची पिशवी असे. तीत दोन पेनं, पंचिंग मशीन, भाजलेले शेंगदाणे आणि स्वतःचं स्टँपपॅड. स्टँपपॅड कशाला, असं मी एकदा विचारलं.

"त्यांचं वाळलेलं असतंय, सर. वाळलेलं पॅड म्हंजी 'उद्या या'."

मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, म्हणून 'सर'. आमच्या संस्थेतल्या सगळ्यांना बाई पदानंच हाक मारत. पद नसेल त्याला त्या आधी पद देत आणि मग हाक मारत.

संस्थेची खोली क्रांती चौकापासून पाच मिनिटांवर, एका झेरॉक्सच्या दुकानावर होती. मूळची ती बायकांची संस्था. पोटगी, मारहाण, घराबाहेर काढलेल्या सुना, नवऱ्याच्या नावावरचं रेशनकार्ड, असं काम. खालचे झेरॉक्सवाले चाचा म्हणत, "बाईजी, आपकी संस्था बंद हुई तो मेरी दुकान भी बंद." बाईंना हा जीवनातला मोठा सन्मान वाटे. शाल-श्रीफळाचे इतर सगळे सन्मान त्यांनी लेखी नाकारले होते, प्रत माहितीसाठी सगळ्या सभासदांना.

शहराचं नाव बदललं तेव्हा संस्थेत लेटरहेडचा मोठा गठ्ठा शिल्लक होता. कार्यकारिणीत दोन तास जोरदार चर्चा झाली. बाईंनी नव्या नावाचा रबरी शिक्का करून आणला आणि एकेक कागद घेऊन जुन्या नावाखाली तो मारत बसल्या. पत्रकार असलेल्या एका सभासदानं विचारलं, "बाई, या नामांतरावर तुमची भूमिका काय?"

"हात लावू नका. शाई वाळू द्या."

त्या खोलीत मी पहिल्यांदा गेलो तो काही मागायला. शहरातले आम्ही सात-आठ जण दर शनिवारी एकमेकांना भेटत होतो. कुणी नोकरीतले, कुणी फुलंब्रीहून रोज येऊन-जाऊन करणारे, एक जण तर दोन मुलांचा बाप. आम्ही बागेत बसायचो आणि दर अर्ध्या तासाला बाकडं बदलायचो. कुणीतरी सांगितलं की, झेरॉक्सच्या वर एक बाई आहेत, त्या शनिवारी खोली देतील. मी गेलो, इकडचं तिकडचं बोललो, आणि शेवटी म्हणालो की आम्हा काही मित्रांना बसायला जागा हवी आहे.

"अर्ज करा," बाई म्हणाल्या आणि कोरा कागद पुढे केला.

ग्रंथपालाला अर्ज लिहायला वेळ लागत नाही. विषय: शनिवारी बसण्यासाठी जागा मिळणेबाबत. बाईंनी तो वाचला आणि परत केला.

"कुणाला जागा पाहिजे, ते कुठंय?"

"आम्हा काही मित्रांना, लिहिलंय की."

"मित्र तर सगळेच असतात. कुठले मित्र? भजनी मंडळ हाय का क्रिकेटचा संघ? ज्याचा अर्ज त्यानं लिहावं. उद्या खोली दिली, तर कुणाला दिली म्हणून मी दाखवू?"

तो शब्द मी पुस्तकांत शेकडो वेळा वाचला होता, सूचीत त्याचं वर्गीकरणही केलं होतं. स्वतःच्या हातानं, स्वतःच्या नावाच्या वर तो कधी लिहिला नव्हता. मी लिहिला: 'आम्ही शहरातील समलिंगी पुरुष'. अक्षर बिघडलं. बाईंनी ते चष्मा सरकवून वाचलं, 'आम्ही' खाली रेघ मारली आणि म्हणाल्या, "असं. आता स्पष्ट झालं." मग आवक क्रमांक टाकला, शिक्का मारला आणि दुसरी प्रत माझ्या हातात दिली. चेहऱ्यावर पाणीपट्टी स्वीकारणाऱ्या माणसाचा भाव. माझ्यावर इतका उपकार नंतर अतिशय सहानुभूती असलेल्या लोकांनीही केला नाही.

कार्यकारिणीत अर्थातच बोंबाबोंब झाली. संस्थेच्या उपाध्यक्षा एका नामांकित डॉक्टरांच्या पत्नी होत्या. त्या म्हणाल्या, "आपली ही बायकांची संस्था आहे. उद्या लोक काय म्हणतील? नाही म्हणून सांगा त्यांना."

"सांगते की," बाई म्हणाल्या. "अर्ज फेटाळण्यात येत आहे, कारण... कारण तेवढं लिहून द्या, उपाध्यक्षताई. खाली सही करा."

उपाध्यक्षांनी पेन हातात घेतलं. बऱ्याच वेळानं त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाल्या, "जाऊ द्या. चार-सहा शनिवार बघू."

बाईंचं सगळं तत्त्वज्ञान या एका गोष्टीवर उभं होतं. "लोकान्ला नाय म्हणायचं असतंय, सर," त्या मला जिना उतरताना म्हणाल्या, "नाय लिहायचं नसतंय."

पुढे आमच्या शनिवारात मुलीही येऊ लागल्या आणि वर्षभरात तो शनिवार संस्थेचा अधिकृत विभाग झाला. बाई स्वतः प्रत्येक शनिवारी बसत. आम्हाला वाटलं होतं, आम्ही मनातलं बोलू. बाईंनी त्याचीही सभा केली. विषयपत्रिका, हजेरी, इतिवृत्त. कुणी रडायला लागलं, तर त्या थांबत, पाणी देत आणि मला म्हणत, "इथं 'सभा पाच मिनिटं तहकूब' लिव्हा." सुरुवातीला आम्ही हसायचो. नंतर लक्षात आलं की घरी ज्याचं बोलणं कुणी पुरं होऊ देत नाही, त्याचं बोलणं इथं लिहून घेतलं जातं आणि पुढच्या शनिवारी वाचून दाखवलं जातं. त्याचा परिणाम फार वेगळा होतो.

शहरात पहिल्यांदा आमची सप्तरंगी मिरवणूक निघाली, तेव्हा परवानगीच्या अर्जाला बाईंनी घोषणांची यादी जोडली होती, परिशिष्ट म्हणून. पोलिसांनी मागितली नव्हती. यादीत अकरा घोषणा होत्या. पुण्याहून आलेल्या एका उत्साही पाहुण्यांनी क्रांती चौकात ऐन रंगात बारावी घोषणा दिली. बाई शेवटून चालत चालत त्यांच्यापाशी पोचल्या. त्यांना वाटलं, बाई कौतुक करणार.

"ती यादीत नाय," बाई म्हणाल्या.

"अहो, पण उत्स्फूर्त आहे!"

"उत्स्फूर्त पुढच्या वर्षी घेऊ. अर्जात टाका."

त्यांनी लग्न केलं नव्हतं. का नाही केलं, असं विचारण्याची हिंमत एकदा उपाध्यक्षांनी केली. बाई म्हणाल्या, "विषय निघाला होता. गणपूर्ती झाली नाय."

दोन वर्षांपूर्वी बाई गेल्या. शोकसभेत एका वक्त्यांनी त्यांना 'मराठवाड्याची वाघीण' म्हटलं आणि त्यांच्या 'गगनभेदी गर्जने'चा उल्लेख केला. ते संस्थेत कधी आलेच नव्हते. आम्ही वीस-पंचवीस जण खाली माना घालून बसलो. बाई असत्या, तर त्यांनी पुरावा मागितला असता. मला मात्र बाई म्हटलं की गर्जना आठवत नाही. एक शनिवार आठवतो.

शीतल आमच्याकडे येऊ लागली तेव्हा चोवीस वर्षांची होती. वैजापूरकडची. बीएस्सी करून इथल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला होती. अर्चना तिच्याहून तीन वर्षांनी मोठी, वाळूजच्या एका कारखान्यात तपासनीस. दोघी एका खोलीत राहायच्या. घरी 'मैत्रीण' म्हणून माहीत होतं. मग शीतलसाठी स्थळ आलं, पसंती कळवून झाली, आणि तिनं फोनवर सांगून टाकलं की लग्न करणार नाही, अर्चनाबरोबरच राहणार. पुढच्या गुरुवारी सुपारी फुटायची होती. शनिवारी दुपारी चारच्या सभेला दोघी आल्या, तेव्हा शीतलच्या हातात रुमालाचा गोळा होता आणि ती म्हणत होती, "ते मला न्यायला येतील."

ते दहा मिनिटांनी आलेच. जिन्यावर पावलं वाजली आणि दारात चौघं उभे राहिले. शीतलचे वडील, तिचा चुलता आणि गावचे दोघं. चुलता पुढे होता.

"ऊठ गं! चल, गाडी खाली हाय. आन् तुमचं काय चाललंय इथं, हां? पोरी नासवायचा कारखाना काढलाय व्हय?"

अर्चना उठून शीतलपुढे उभी राहिली. कुणाची तरी खुर्ची पडली. चुलता ओरडत होता, गावचे दोघं ओरडत होते, आमच्यातलेही दोघं-तिघं ओरडायला लागले. बाई काहीतरी बोलल्या. अर्थात कुणालाच ऐकू आलं नाही. त्या पुन्हा बोलल्या. त्यांचे ओठ हलताहेत आणि आवाज येत नाही, हे बघून शीतलचे वडील भावाला म्हणाले, "आरं थांब जरा, म्हातारी काय म्हणतीय बघ."

सगळे गप्प झाले.

"चपला बाहेर काढा," बाई म्हणाल्या. "आन् हजेरीवर सह्या करा. सभा चालू आहे."

चुलता भडकला. "कसल्या सह्या? आम्ही काय मेंबर हाव का तुमचे?"

पण बाईंनी रजिस्टर उघडून, त्यावर पेन ठेवून, ते वडिलांच्या पुढे सरकवलं होतं. आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. शीतलचे वडील अकरा वर्षं गावच्या सेवा सोसायटीचे चेअरमन होते. अकरा वर्षं त्यांच्यापुढे रजिस्टर सरकवलं गेलं होतं. त्यांनी चप्पल काढली. खिशातून चष्मा काढला. बोट रकान्यावरून खाली आणत मोकळी ओळ शोधली, ती नेमकी शीतलच्या सहीखालची निघाली. त्यांनी लफ्फेदार सही केली, घड्याळात बघून वेळ टाकली, 'चार दहा', आणि पेन भावाकडे दिलं.

"दादा, तू सही कामून करायलास?" चुलता ओरडला.

"सभा हाय ना, बाबा," वडील म्हणाले आणि खुर्चीवर बसले.

गावच्या दोघांनी सह्या केल्या, चुलत्यानं केली नाही. बाईंनी मला सांगितलं, "एक जण विनास्वाक्षरी हजर, असं लिव्हा. विषय चार, पाहुण्यांचं म्हणणं ऐकून घेणे. बोला, चेअरमनसाहेब. पाच मिनिटं."

त्यांनी चेअरमन कसं ओळखलं, कुणास ठाऊक. चष्मा काढण्याच्या पद्धतीवरून असेल. वडील उभे राहिले. सुरुवात त्यांनी भाषणासारखी केली, पण दोन वाक्यांत ती संपली. "माझी पोरगी मला घरी पाहिजे," ते म्हणाले. "तिची आई जेवत नाय. पाव्हण्यान्ला मी काय तोंड दाखवू? मला दुसरं काय कळत नाय."

"लिहिलं का, सर? वाचा."

मी वाचलं: "मुलीनं घरी यावं, अशी मागणी पाहुण्यांनी केली."

"मागणी नाय," वडील तडकले. "मी काय मोर्चा घेऊन आलोय व्हय? पोरगी घरी पाहिजे, तसंच लिव्हा."

"तसंच लिव्हा," बाई म्हणाल्या. मी तसंच लिहिलं. मग त्या शीतलकडे वळल्या. "तुमचं म्हणणं."

शीतल उभी राहिली. रुमाल पडला तो तिनं उचलला नाही. "आबा, मी येणार नाय. मला कुणी नासवलं नाय, डांबलं नाय. मी अर्चनासोबत राहते, माझ्या मर्जीनं. आईला फोन करते मी, पण लग्न करणार नाय."

चुलता दोन ढांगांत पुढे आला आणि त्यानं तिचं मनगट धरलं. बाई उठल्या नाहीत.

"सर, हात धरला असं लिव्हा. वेळ टाका."

मी घड्याळ बघितलं आणि मोठ्यानं म्हणालो, "चार अडतीस." आयुष्यात इतक्या मोठ्यानं मी कधी वेळ सांगितली नव्हती. चुलत्यानं एकदा माझ्या पेनाकडे बघितलं आणि मनगट सोडलं. ते चौघं निघून गेले. बाई म्हणाल्या, "विषय पाच." कुणालाही विषय पाच काय होता, ते आठवत नाही.

सोमवारी पोलीस ठाण्यातून फोन आला. चुलत्यानं तक्रार दिली होती की, मुलगी शुक्रवारपासून बेपत्ता आहे, अर्चना नावाच्या बाईनं तिला पळवून कुठंतरी कोंडून ठेवलंय आणि घरच्यांना तिचा काहीच ठावठिकाणा नाही. शीतल-अर्चनाला घेऊन आम्ही गेलो. तिचे वडील आणि चुलता आधीच येऊन बसले होते. बाईंच्या पिशवीत रजिस्टर होतं. साहेब वाईट माणूस नव्हते, घाईत होते.

"बाई, मुलगी मिळाली ना? मग झालं. घरच्यांच्या ताब्यात देऊन टाकू, घरात बसून मिटवतील ते."

गाडी बाहेर उभीच होती. शीतल अर्चनाच्या हाताला इतकं घट्ट धरून होती की दोघींची बोटं पांढरी पडली होती. एकदा ती गाडीत बसली असती, तर गुरुवारपर्यंत तिला कुणी बाहेर सोडलं नसतं, आणि गुरुवारनंतर विचारायला कुणी गेलं नसतं.

बाईंनी रजिस्टर टेबलावर उघडून ठेवलं.

"ही बेपत्ता मुलीची सही, साहेब. शनिवारची, चारची. ही तिच्या वडलांची, चार दहाची. बापलेक अर्धा तास एका खोलीत बसले होते. बेपत्ता कोण हाय?"

साहेबांनी वाचलं. मग वडिलांना जवळ बोलावलं. "ही सही तुमची?"

चुलता मागून कुजबुजला, सगळ्यांना ऐकू जाईल इतकं. "नाय म्हण, दादा. खोटी हाय म्हण."

वडिलांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि रजिस्टरवर वाकून स्वतःच्या सहीकडे बघत राहिले. एखाद्या ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं. ते 'नाय' म्हणाले असते, तर सही तपासायला गेली असती, आणि मुलगी गाडीत.

"माझीच हाय," ते म्हणाले.

"दादा!"

"गप रे. अकरा वर्षं सह्या केल्या. एक नाकारली नाय. सोसायटी बुडाली तवाबी नाय."

पुढचं सोपं होतं. साहेबांनी शीतलचा जबाब घेतला. सज्ञान आहे, स्वखुशीनं राहते, घरी जायचं नाही. तिला जाऊ दिलं. चुलता गाडीत जाऊन बसला आणि हॉर्न वाजवत राहिला. वडील लेकीशी बोलले नाहीत. जाताना अर्चनाकडे बघून एवढंच म्हणाले, "हिला रक्त कमी हाय लहानपणापासून. गूळ-शेंगदाणे खाऊ घाल." अर्चनानं मान हलवली.

आम्हाला वाटलं, संपलं. बाई बाकड्यावर बसल्या. "जबाबाची प्रत."

"नंतर या बाई, झेरॉक्स बंद आहे," हवालदार म्हणाले.

"बसते की. मला काय घाई नाय."

त्या तीन तास बसल्या. शेंगदाणे काढले, हवालदारांनाही दिले. चौथ्यांदा विचारल्यावर हवालदार वैतागून स्वतः समोरच्या दुकानात जाऊन प्रत काढून घेऊन आले. शिक्का मारायला गेले, तर पॅड वाळलेलं. बाईंनी आपलं पुढे केलं. नंतर त्या चुलत्यानं अजून दोनदा प्रयत्न केले. दोन्ही वेळा त्या एका कागदापुढे कुणाचं काही चाललं नाही.

सभेला हजर असलेल्या प्रत्येकाला इतिवृत्ताची प्रत पाठवायची, हा बाईंचा नियम. त्यांनी शीतलच्या वडिलांनाही पाठवली, रजिस्टर्ड पोस्टानं. मी म्हणालो, "बाई, कशाला जखमेवर मीठ?" त्या म्हणाल्या, "सही हाय त्यांची. हक्क हाय त्यांचा."

त्या सभेनंतरच्याच शनिवारी, चारला पाच मिनिटं कमी असताना, वडील एकटेच जिना चढून आले. एसटीनं आले होते. शीतल भिंतीला टेकून उभी राहिली. कुणी म्हणालं, माफी मागायला आले असतील. कुणी म्हणालं, आईचं काही बरंवाईट झालं असेल. मला तर वाटलं, आज एक बाप सगळ्यांसमोर आपल्या लेकीला जवळ घेणार. वाचनाच्या सवयीनं माणसाला असल्या अपेक्षा लागतात.

वडिलांनी चप्पल काढली, हजेरीवर सही केली आणि मागच्या खुर्चीवर बसले.

"विषय एक," बाई म्हणाल्या. "मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे."

मी वाचलं. वडिलांनी हात वर केला, खिशातून पोस्टानं आलेली प्रत काढली आणि उभे राहिले.

"हरकत हाय," ते म्हणाले. "माझं नाव नुसतंच लिव्हलंय. नावापुढं 'माजी चेअरमन' पाहिजे."

बाईंनी विचार केला. "दुरुस्तीला दोन सभासद लागतात," त्या म्हणाल्या. "कुणी मांडतंय का?"

दुरुस्ती एकमतानं मंजूर झाली. सूचक शीतल, अनुमोदक अर्चना. साडेपाचच्या गाडीनं ते वैजापूरला परत गेले.